तीन फूट दोन इंच

नाशिक शहरातील समस्त नागरिकांस, पंचवटीतील पुजारी, रिक्षावाले व भाजीविक्रेते यांच्यासह, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की प्रस्तुत लेखक माणूस म्हणून नापास आहे. हे त्याचं स्वतःचं मत नाही. तसा लाल टॅग त्याच्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणाला रीतसर दोऱ्याने बांधण्यात आला होता, आणि त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं होतं : 'भाडेकरू, वरचा मजला. दोष : अंदाज. फेरतपासणी : सोमवार.'

टॅग बांधणारे माझे घरमालक होते. त्यांना मी काका म्हणायचो, सगळी कॉलनीच म्हणायची. गुन्हा असा होता की त्यांची सायकल मागून नेताना मी "अंदाजे पाच मिनिटांत आणतो" असं म्हणालो आणि पाऊण तासाने आणली. मला वाटलं उशिराबद्दल ओरडतील. तर ते शांतपणे दोऱ्याची गाठ मारत म्हणाले, "उशीर चालतो. उशिराला कारणं असतात. पण अंदाजे पाच मिनिटं म्हणजे किती, हे तुलाच माहीत नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट तू आकड्यात सांगितलीस."

सोमवारी फेरतपासणी झाली आणि मला पिवळा टॅग मिळाला. पिवळा म्हणजे दुरुस्तीनंतर चालेल. मी त्या घरात सात वर्षं राहिलो, हिरवा मला कधीच मिळाला नाही. हिरवा मी एकूण दोनदाच पाहिला : एकदा प्रेशर कुकरला आणि एकदा काकूंच्या बहिणीच्या जावयाला. जावयाचा पुढे काढून घेण्यात आला.

काका ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मोजले आणि त्यांना टॅग लावले. मी राहायला गेलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि ते नुकतेच निवृत्त झाले होते. पण हाताला सवय होती, तिचं काय करणार? त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून, रंगवून, वर भोकं पाडून टॅग तयार केले आणि कारखान्याऐवजी जगाला लावायला सुरुवात केली. गळणारा नळ, लाल. डुगडुगणारा पाट, पिवळा. एकदा दूधवाल्याच्या मापाला लाल टॅग बांधला, तेव्हा दूधवाला आठ दिवस आमच्या गल्लीत आला नाही आणि नवव्या दिवशी नवं माप घेऊन आला.

ते कुणाशी भांडत नसत. एका लग्नात मांडवाच्या एका खांबाला त्यांनी लाल टॅग बांधला आणि स्वतः ताट घेऊन बाहेर उन्हात उभ्याने जेवले. मांडव पडला नाही. दुसऱ्या दिवशी, सोडून नेईपर्यंत, ताठ उभा होता. मी त्यांना हे ऐकवलं, अर्थातच खूप आनंदाने ऐकवलं. काका म्हणाले, "नापास म्हणजे पडेलच असं कुठंय? नापास म्हणजे मी त्याच्याखाली जेवणार नाही."

त्यांची सायकल हे आमच्या भागातलं चालतं-बोलतं प्रकरण होतं. पुढच्या चाकाच्या एका तारेला त्यांनी पत्र्याची पट्टी बांधलेली होती. चाक एकदा फिरलं की पट्टी चाकाच्या चिमट्याला लागून 'टक' व्हायचं. एक टक म्हणजे सात फूट चार इंच. काका घरातून निघाले की मोजायला लागत, आणि मोजत असताना दुसरं काही बोलत नसत. पण माणूस मुळात सभ्य, त्यामुळे कुणी नमस्कार केला तर उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे.

"नमस्कार काका!"

"तीनशे चार."

"काय म्हणताय? बरंय ना?"

"तीनशे पाच. तीनशे सहा."

पंचवटी कारंज्यावरच्या एका चहावाल्याने तर मला विचारलं होतं, "तुमचे काका कुठल्या देवाचा जप करतात?"

आता काकू. काकू मूळच्या देवळ्याकडच्या. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण राग आला की त्यात माहेरची अहिराणी डोकवायची. "काय शे आता?" असं ऐकू आलं की आम्ही सगळे आपापल्या कामाला लागायचो. घराच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या एका खोलीत, काकूंचा शिवणक्लास होता. पाच पायमशीन, एक कापायचं टेबल, आणि दिवसभर ट्यूबलाइट, कारण खोलीला उजेड नव्हता. लग्नानंतर पंधरा वर्षं त्यांनी क्लास कुणाच्या तरी ओट्यावर, कुणाच्या तरी गच्चीवर चालवला होता. मग ही खोली झाली. त्या खोलीला त्या 'मागची खोली' म्हणत नसत. 'माझी खोली' म्हणत.

आणि गंमत बघा. ज्या घरात अंदाज हा शब्द उच्चारला तर बटणाला टॅग लागायचा, त्याच घराच्या मागच्या खोलीत दिवसभर फक्त अंदाज चालायचा. काकू टेपला हात लावत नसत. बाई दारात उभी राहिली की वरपासून खालपर्यंत एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "छत्तीस. पण दिवाळीचा शिवतेय, सदतीस धरते." खांद्याला चार बोटं, बाहीला एक वीत, आणि ब्लाउज असा बसायचा की पंचवटीतल्या अर्ध्या लग्नांचे ब्लाउज त्या खोलीतूनच जात. काका उंबऱ्याबाहेर उभे राहून बघायचे. मी एकदा विचारलं, "काका, इथं टॅग नाही?" तर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देवळात चपला घालून शिरलोय.

तर ह्या दोन माणसांच्या घरामागून जुना पाट जात होता.

धरणाचं पाणी एके काळी ह्या पाटाने मळ्यांना जायचं. शहर वाढलं तसं आमच्या बाजूला पाणी सोडणं बंद झालं. राहिला तो कोरडा चर, दोन्ही कडांना बाभळी, आणि मध्ये लोकांनी प्रेमाने आणून टाकलेला कचरा. पण पाटाच्या काठाची पायवाट मात्र चालू होती. एका टोकाला मखमलाबादच्या बाजूचे मळे, दुसऱ्या टोकाला पंचवटीची भाजीमंडई. मळ्यातल्या बाया पहाटे मेथी-शेपूच्या पाट्या आणि झेंडूच्या फुलांची गाठोडी डोक्यावर घेऊन ह्याच काठाने मंडईत जायच्या. मधे आमच्या कॉलनीची वीस घरं आली. घरांच्या मागच्या भिंती हळूहळू पुढे सरकल्या, कुणी शेड काढली, कुणी टाकी बांधली, एकाने तर झोपाळा टांगला. आणि एका वर्षी पायवाट संपली. म्हणजे मळ्याकडून यायची, आमच्या भिंतींपाशी येऊन थांबायची, आणि भिंती संपल्या की पलीकडे पुन्हा सुरू व्हायची.

मग त्या बाया पेठ रोडने जाऊ लागल्या. पेठ रोड म्हणजे ट्रक. आम्हाला दारावर भाजी द्यायला येणाऱ्या मथुराबाई, त्यांच्या सुनेला एका सकाळी टेम्पोचा धक्का लागला आणि पाय मोडला. मथुराबाई दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आल्याच. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाय जुळंल. पन उद्या परत तिथूनच जायचं हाय ना."

दोन हजार साल उलटून गेल्यावर पालिकेने त्या पाटाचा विषय काढला. पाटाच्या जागेवर आठ फुटी पट्टा करायचा, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी, मळ्यांपासून मंडईपर्यंत सलग. लोकांचं मत घ्यायला कॉलनीच्या समाजमंदिरात सभा ठेवली. मी हौशी नाटकांत कामं केलेली आहेत, त्यामुळे ठामपणे सांगतो, इतका रंगलेला प्रयोग मी दुसरा पाहिला नाही.

तीन पक्ष होते. नगरसेवकांचं म्हणणं, आठ फूट कशाला, चाळीस फुटी डांबरी रस्ता करा, गाड्या जाऊ देत. दुसरा पक्ष आमच्या वीस घरांचा. त्यांचं म्हणणं, काहीच करू नका. ह्या पक्षाचे पुढारी आमच्या शेजारचे वकीलसाहेब. तिसऱ्या पक्षात सकाळी फिरायला जाणारे चार पेन्शनर, सायकलने शाळेत जाणारी मुलं, आणि मागच्या रांगेत पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या मथुराबाई आणि त्यांच्या बरोबरच्या बाया.

वकीलसाहेब उठले. "माझा विकासाला विरोध नाही. पण पायी चालायचे पट्टे, सायकलचे पट्टे, हे परदेशात ठीक आहे. आपल्याकडे कोण चालतंय?"

मागून मथुराबाईंचा आवाज आला, "आमी काय पूर्वी इमानानं जायचो का मंडईत?"

हशा झाला. वकीलसाहेबांच्या मदतीला एक बाई धावल्या. "मागच्या बाजूने रस्ता झाला की चोर येतील!"

"आन् आता पेठ रोड चोरांना बंद हाय का?"

नगरसेवक म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा शांत बसा, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"तेच तर म्हनते. आमच्यासाठी चाललंय तर चाळीस फूट कशाला? आमी काय आडव्या चालतो?"

पालिकेचा तरुण इंजिनिअर समोर नकाशाची गुंडाळी घेऊन घाम पुसत बसला होता. बिचाऱ्याने खरं काय ते सांगून टाकलं. दोन्ही बाजूंची जागा मोकळी आहे. फक्त आमच्या वीस घरांचा तुकडा जोडायचा राहिलाय. तिथे पाटाची हद्द नेमकी कुठे आणि कोण किती आत आलंय, हे मोजलेलं नाही. सरकारी मोजणीला नंबर लागेपर्यंत हा विषयच बारगळेल. लोकांनी आपणहून मोजून, मान्य करून दिलं, तर मात्र काम होईल.

आपणहून मोजून देणारा माणूस नाशिकमध्ये कुठे सापडणार?

काका उभे राहिले. "मोजमाप मी देतो. पुढच्या रविवारी."

वकीलसाहेबांनी चटकन मान डोलावली. मला तेव्हा आश्चर्य वाटलं, पण त्यांचा हिशेब सरळ होता. वीसही घरांच्या मागच्या भिंती एका रेषेत होत्या, आणि ती रेषा काकांनीच आखून दिलेली होती. बारा वर्षांपूर्वी काकूंची खोली बांधायच्या वेळी काकांनी पाटाच्या हद्दीचा दगड शोधून काढला, त्यावरून दोरी लावली, ओळंबा धरला, आणि भिंत उभी केली. शेजाऱ्यांनी बघितलं. काका मोजतायत म्हटल्यावर तपासायचं काय? सगळ्यांनी तीच दोरी पुढे वाढवली. वकीलसाहेबांनीसुद्धा. काका स्वतःच्याच दोरीला चूक म्हणणार आहेत थोडेच?

मोजणीत मी त्यांचा मदतनीस होतो. म्हणजे पोलादी टेपचं शून्याकडचं टोक धरायचं. "शून्य म्हणजे शून्य," काका बजावायचे, "शून्याच्या आसपास नाही." इंजिनिअरने पाटाच्या मूळ नकाशाची प्रत दिली होती. ह्या वेळी काकांनी दगडावरून सुरुवात केली नाही. पाटाखालून ओढा जातो तिथली जुनी दगडी मोरी त्यांनी पकडली, कारण मोरी कुणी हलवू शकत नाही. तिथून सायकलने टक टक मोजत, मग टेपने खात्री करत, आम्ही आमच्या घरामागे पोचलो.

काकांनी नकाशा बघितला. टेप बघितली. "परत धर," म्हणाले.

परत धरली. मग त्यांनी मला त्यांच्या टोकाला पाठवलं आणि स्वतः शून्य धरलं. मग पलीकडच्या टोकाच्या पुलावरून उलटं मोजत आणलं. असं चार वेळा. माप एका सुतानेही बदललं नाही. हद्दीचा दगड आपल्या मूळ जागेवर नव्हताच. कधीतरी, कुणाच्या तरी विहिरीच्या खोदकामात की नांगराच्या धक्क्याने, तो पाटाच्या बाजूला सरकला होता. काकांची दोरी बरोबर होती, ओळंबा बरोबर होता, भिंत केसभरही वाकडी नव्हती. फक्त ज्या दगडावरून मोजलं तो दगड तपासायचा राहिला होता. काकूंची खोली पाटाच्या जागेत तीन फूट दोन इंच आत होती. आणि तिच्यामागून उरलेली एकोणीस घरं.

खोली होती आठ फूट रुंद. भिंत मागे घेतली तर पाच फूटही उरत नव्हते. तेवढ्यात एक तर मशीन बसलं असतं, नाही तर मुलगी. आतून पाचही मशिनींचा खडखडाट ऐकू येत होता आणि काकू कुणाला तरी ओरडत होत्या, "बाही उलटी लावलीस गं, सोड ती!"

काका पत्र्याला हात लावून उभे राहिले. "घरात बोलू नकोस," एवढंच म्हणाले.

पुढचे तीन दिवस मी वरच्या जिन्यातून एकच दृश्य बघत होतो. दुपारी क्लास सुटला, काकू आत गेल्या, की काका लाल टॅग हातात घेऊन त्या खोलीच्या कडीपाशी यायचे. दोरा कडीत ओवायचे. मग काढून घ्यायचे. ज्या माणसाने जावयाचा टॅग काढून घेतला, मला नापास केलं, त्याला त्या कडीला गाठ मारता येईना.

शेवटी मीच म्हणालो, "काका, तीन फुटांचा तर प्रश्न आहे. यादीत तेवढं एक घर सोडून द्या ना. कोण बघतंय?"

"विमानात बसणारा तरी कुठे बघत असतो?" काका म्हणाले. आणि जिन्याखाली जाऊन टॅग खिशात ठेवून दिला.

रविवार आला. समाजमंदिर गच्च भरलं. काकूही आल्या होत्या, क्लासच्या मुलींना घेऊन, बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत. त्यांना काही माहीत नव्हतं. नवऱ्याने आठवडाभर उन्हात मोजलंय, त्याचं कौतुक होणार म्हणून चांगली साडी नेसून आल्या होत्या.

काका कागद घेऊन उभे राहिले. चष्मा पुसला. "मोजमाप मोरीपासून घेतलेलं आहे. घर पहिलं." आणि थांबले. "घर पहिलं माझं. मागची खोली, शिवणक्लास. तीन फूट दोन इंच आत. नापास."

मग दुसरं वकीलसाहेबांचं. मग तिसरं. वकीलसाहेब खुर्चीवरून उठेपर्यंत ते सहाव्या घरावर पोचले होते.

"एक मिनिट, काका! ह्या भिंती आम्ही कुणाच्या दोरीने बांधल्या?"

"माझ्या."

"आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला!"

"मी दगडावर ठेवला," काका म्हणाले. "चूक माझी. म्हणूनच यादीत पहिलं नाव माझं आहे."

गोंधळ झाला. इंजिनिअर भला माणूस, त्याला कणव आली. तो म्हणाला, "काका, तुमच्या घरामागे पट्ट्याला जरासं वळण देऊ. तीन फुटांनी काही बिघडत नाही." मला चांगलं आठवतंय, वकीलसाहेब परत खुर्चीत बसले आणि काकांकडे आशेने बघू लागले. सगळी रांग बघू लागली. काकांनी फक्त हो म्हणायचं होतं.

काकांनी दुसऱ्या रांगेकडे बघितलं. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या. मग काकांनी मागच्या रांगेकडे बघितलं, जिथे मथुराबाई बसल्या होत्या.

"मला एकट्याला वळण देता येणार नाही. वीस जणांना द्यावं लागेल. वीस जणांना दिलं की पट्टा उरत नाही," ते म्हणाले. "घर सातवं."

काकू उठल्या. पदर सारखा केला, मुलींना "चला गं" म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. काकांनी यादी विसाव्या घरापर्यंत वाचली. यादी अर्धी सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण आवाज मात्र आठव्या घरापासून बारीक होत गेला.

त्यानंतर आठ दिवस घरातलं सगळं दळणवळण माझ्यामार्फत चाललं. "त्यांना सांग, चहा ओतलाय." मी सांगायचो. काका दोन पावलांवरच असायचे. "तिला विचार, साखर आहे का." मी विचारायचो. ह्या काळात मी दोन्ही संवाद पूर्ण अभिनयासह पोचवले, आणि एकदाही कुणी हसलं नाही. क्लास मात्र नेहमीच्या वेळेला सुरू व्हायचा. उलट मशिनी जरा जास्तच जोरात चालायच्या.

नवव्या दिवशी दुपारी काका त्या खोलीच्या दारात गेले. आतापर्यंत त्यांनी उंबरा कधी ओलांडला नव्हता, तेव्हाही ओलांडला नाही. त्यांनी कडीला हात लावला नाही. टॅग काकूंच्या हातात दिला.

काकूंनी वाचला. मीही मागून वाचला, ते माझं कामच होतं. 'खोली. दोष : दगड तपासला नाही. जबाबदार :' आणि पुढे काकांची पूर्ण सही, पेन्शनच्या कागदावर करतात तशी.

काकूंनी टॅगचा दोरा बोटांत धरून ओढून बघितला. म्हणाल्या, "दोरा काय लावलाय हा? रिळाचा कच्चा दोरा. ओढला की तुटेल." आणि मग, थेट त्यांनाच, "आणि माझ्या मशिनी कुठे जाणार?"

"मोजतोय," काका म्हणाले.

पुढचं सगळं गावाला ठाऊक आहे, पण अर्धवट. काकांनी कुठल्याही नोटिशीची वाट न बघता त्या खोलीचे पत्रे स्वतः उतरवले आणि भिंत काढली. मग काही महिने आमच्या घरामागे तेवढाच एक मोकळा तुकडा होता, दोन्ही बाजूंना भिंती. काका रोज सकाळी त्याच तुकड्यात फिरायचे, सव्वीस फूट जायचं, सव्वीस फूट यायचं. लोक गच्चीवरून बघायचे. पहिल्यांदा हसले. मग झोपाळावाल्यांनी झोपाळा काढला. मग शेड गेली. वकीलसाहेब दीड वर्ष टिकले. शेवटी त्यांच्याच घरी भाजी द्यायला येणाऱ्या मथुराबाई रोज दारात विचारू लागल्या, "साहेब, आज तरी?" आणि एका सकाळी त्यांचीही भिंत गेली. पट्टा झाला. आज सकाळी तिथे पांढरे बूट घालून चालणारी माणसं बघितली की मला फार गंमत वाटते. मथुराबाई म्हाताऱ्या झाल्यात, पण त्यांची सून झेंडूचं गाठोडं सायकलला मागे बांधून त्याच पट्ट्यावरून मंडईत जाते.

पण मला सांगायचंय ते पत्रे उतरवायच्या आदल्या दिवशीचं.

त्या घराला पुढच्या बाजूला एक हॉल होता. रस्त्याकडे दोन मोठ्या खिडक्या, पूर्वेचा भरपूर उजेड. त्या हॉलमध्ये काकांचं टेबल, मापाची हत्यारं, कापसात गुंडाळलेल्या कानशी, ओझरच्या वेळच्या वह्या. बाकी कुणी तिथे बसत नसे. पाहुण्यांना ओट्यावर चहा. मीही सात वर्षांत दोनदा आत गेलो असेन, दोन्ही वेळा चपला, घड्याळ आणि बोलणं बाहेर ठेवून.

काका चार दिवस तो हॉल मोजत होते. पाचव्या दिवशी सकाळी ते टेबल त्यांनी आणि मी उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं. हत्यारांची पेटी त्याखाली सरकवली. वह्या माझ्या खोलीत. मग आम्ही एकेक मशीन मागून पुढे आणलं. मुली मदतीला होत्या. मथुराबाई भाजीची पाटी ओट्यावर ठेवून बघत बसल्या होत्या, आणि कुंपणाच्या पलीकडून वकीलसाहेबांची बायकोही बघत होती. काकूंचं बोलणं म्हणजे "हे जरा इकडे, ते तिकडे" एवढंच.

काकांनी जमिनीवर खडूने पाच चौकोन आखून ठेवले होते. पाचही मशिनी बरोबर चौकोनात बसल्या. कापायचं टेबल खिडकीखाली आलं. काकांनी दोन्ही खिडक्या उघडल्या.

काकू खिडकीजवळच्या मशिनीवर बसल्या. सवयीने त्यांनी भिंतीवर ट्यूबलाइटचं बटण शोधलं. मग हात खाली घेतला, सुई बघितली, आणि चष्मा न लावता पहिल्या फटक्यात दोरा ओवला. एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा त्या लांबरुंद हॉलकडे, एकदा दारात खडू हातात घेऊन निकालाची वाट बघत उभ्या असलेल्या काकांकडे. आणि मग त्या अशा आवाजात बोलल्या की कुंपणापलीकडच्या वकीलसाहेबांच्या बायकोने दोन्ही हात तोंडावर ठेवले :

"अहो, एवढी मोठी खोली घरात असताना मला बारा वर्षं सरकारी जागेत कशाला बसवलंत?"